नळीवाले खलीलभाई

डॉ. खलील माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. तुम्ही नमस्कार करा, सलाम करा, त्यांची नजर आपली हनुवटीच्या खाली आणि शर्टाच्या पहिल्या गुंडीच्या वर. मग हुकूम सुटतो, "आवंढा गिळा." आपण मुकाट्याने गिळायचा. कंठमणी वर जाऊन बिनतक्रार खाली आला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं आणि मगच ते घरच्यांची खुशाली विचारतात.

मी आखाडा बाळापूरला दवाखाना टाकला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे त्यांचा आधीपासून होता. मी फिजिशियन, म्हणजे छातीत कळ आली की लोक जिच्याकडे धावतात ती. खलीलभाई सर्जन. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध हा त्यांचा रोजचा धंदा. वयाने मोठे, म्हणून पेढे घेऊन मीच भेटायला गेले. त्यांनी बॉक्स उघडला, एक पेढा मलाच दिला आणि मी खात असताना टेबलावर कोपरं टेकून बघत राहिले.

"बाई, तुमी घाईनं गिळता," ते म्हणाले. "काहून घाई करता? पेढा कुठं पळून जाऊन राहिला?"

पुढचा पेढा खायची माझी हिंमत झाली नाही. घरी येऊन आरशासमोर उभी राहून पाणी पिऊन बघितलं, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

नावं आणि चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. सोसायटीचे चेअरमन म्हणजे "ते आखूड गळ्याचे, दोन घास एकदम लोटणारे". माझी सासू म्हणजे "त्या सावकाश गिळणाऱ्या बाई, लई शिस्तीच्या". लग्नाच्या पंगतीत ते स्वतः जेवायला बसत नाहीत. वाढप्यांच्या मागे उभे राहून रांगेतले गळे बघत फिरतात. बाळापुरात लग्नाच्या यादीत त्यांचं नाव घालावं की नाही यावर घराघरात वाद होतात. नाही बोलावलं तर वाईट दिसतं, आणि बोलावलं तर नवरदेवाला श्रीखंड गिळताना ठसका लागतो.

यामागे एक सिद्धांत आहे. "काळीज शरीफ हाय, बाई. सगळी बदमाशी नळीची हाय." नळी म्हणजे अन्ननलिका. घशातून निघून काळजाच्या पाठीमागून पोटात उतरणारी. तिला काही झालं तर ती अगदी काळजासारखी दुखते, तसाच घाम फोडते आणि नामानिराळी राहते. पोलीस येऊन काळजालाच धरून नेतात. खलीलभाईंना या अन्यायाची मनापासून चीड आहे. काळजावर एवढी गाणी झाली, नळीवर कुणी चार ओळी लिहिल्या काय, असं त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

नळीचे अपराध त्यांना तोंडपाठ आहेत. अडकलेलं हाड. कोरडी गिळलेली आणि आत चिकटून बसलेली कॅप्सूल. जोराच्या उलटीने उसवलेली भिंत. आणि या सगळ्यांत त्यांची लाडकी म्हणजे भिंतीच्या आतल्या आत साकळलेली रक्ताची गाठ. नळीच्या अस्तराला इजा होते, अस्तर आणि स्नायू यांच्या मधे रक्त झिरपायला लागतं, गाठ फुगत जाते. छातीत भयानक कळ, गिळताना मरणाची आग आणि तोंडावाटे रक्त. बघणाऱ्याला वाटतं ॲटॅक. तो रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतो आणि जे आपोआप थांबलं असतं तेही मग थांबत नाही. "आयुष्यात एखादी दिसंल," असं त्यांचे कॉलेजातले सर म्हणाले होते म्हणे, "पण बघत राहिलात तर." तेव्हापासून हा गृहस्थ बघत राहिला होता.

आणि ती काही येत नव्हती. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाला ते आशेने विचारायचे, "काय गिळलं?" उत्तर यायचं, भजी. किंवा काहीच नाही, आणि मग ईसीजीच्या पट्टीवर सरळसोट हार्ट ॲटॅक निघायचा. तसा निघाला की खलीलभाई क्षणाचाही वेळ न घालवता बरोबर उपचार करायचे, स्वतःच्या गाडीत घालून पेशंटला नांदेडला पोचवायचे, आणि वाटभर कुरकुरायचे की यंदाही नळी सुटली. इलाज काळजाचा आणि इल्जाम नळीवर, अशी त्यांची ख्याती होती. गावाने त्यांना नळीवाले करून टाकलं ते यातूनच.

त्यांच्या दवाखान्यासमोर कायम दोनचार माणसं येरझाऱ्या घालताना दिसतात. नवख्याला वाटतं आत बाळंतपण चालू आहे. तसं नसतं. शेतात राबणारी माणसं रात्री आडवं होता होता कॅप्सूल तोंडात टाकतात आणि थुंकीवर ढकलतात, ती नळीतच अडकून जखम करते. म्हणून खलीलभाई पहिली कॅप्सूल समोर घ्यायला लावतात, वर तांब्याभर पाणी पाजतात आणि फाटकापर्यंत चालून यायला लावतात. यात हसण्यासारखं काही नाही, वैद्यकाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे. पण धोतर सावरत, पोटात तांब्याभर पाणी डुचमळत चालणारा म्हातारा बघितला की मला माझ्या खिडकीत हसू आवरत नाही.

कपाटात हिरव्या कापडात गुंडाळलेली एक दुर्बीण आहे, घशातून आत घालून बघायची. हैदराबादेतून सेकंडहँड आणलेली. वर्षातून दहापाच वेळा ती पोटाच्या अल्सरसाठी निघते, पण खरी ती त्या एका गाठीसाठी आणलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या पत्नी नसीमभाभींना तर फारच. जेवताना नळीचा विषय निघाला तर मी दस्तरखानावरून उठून जाईन, असा त्यांनी निकाहानंतर लवकरच दम दिला होता आणि तो आजही लागू आहे. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली. फोनवर अब्बा काही बोलायला लागले की तिकडे रेंज जाते.

आता मुख्य गोष्ट. पेशंटचं नाव आपण गोविंद धरू. ते खरं नाही. डॉक्टरांचं सांगितलं तेही खरं नाही, आणि गाव बाळापूरच असेल असं समजून कुणी शोधत बसू नये.

दुपारची वेळ होती. एका मोटारसायकलवर तिघं आले, मधल्याने छाती गच्च धरलेली. पस्तिशीचा दणकट गडी, पण अंगावर घामाचे ओघळ आणि चेहरा राखेच्या रंगाचा. तोंडावर टॉवेल. मागे बसलेला त्याचा मित्र, शेळ्यामेंढ्या राखणारा एक धनगर, म्हणाला, "शेतात होतो जी. एकदम कळ आली. ॲटॅकच हाय." टॉवेलवर लाल दिसलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "पान खाल्लं व्हतं त्यानं." मी ईसीजी काढला. रेघा किंचित बिघडलेल्या. ॲटॅक म्हणून ठोकून सांगावं अशा नाहीत आणि घरी जा म्हणावं अशाही नाहीत. सलाईन लावलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरलं.

तेवढ्यात खलीलभाई आत आले. रस्त्यापलीकडून त्यांनी तिघांना मोटारसायकलवरून उतरताना बघितलं होतं, अर्थात गळा बघितला होता. झालं, मी मनात म्हटलं, आता हा माणूस इथे व्याख्यान देणार.

"आवंढा गिळ," ते गोविंदला म्हणाले.

गोविंदने मान हलवली आणि तोंडातली लाळ टॉवेलात सोडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आल्यापासून तो एकदाही गिळत नव्हता. छातीचे पेशंट कण्हतात, घाबरतात, पण थुंकी गिळायला कुरकुरत नाहीत.

"बाई, सुई बाजूला ठेवा," खलीलभाई हळूच म्हणाले. मग गोविंदच्या गळ्याकडे बोट केलं. उन्हाने रापलेल्या गळ्याभोवती एक फिकट पट्टा होता. "ह्या गळ्यात माळ असती. आज काहून न्हाई?"

धनगराची मान खाली गेली. खलीलभाईंनी त्याला आणि दुसऱ्याला बाहेर काढलं, दार लावलं आणि स्टूल ओढून बसले. "काय गिळलं?"

"काई न्हाई."

"मी तुझा बाप न्हाई आन् महाराज बी न्हाई. काय गिळलं ते बोल."

गोविंदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हाड," तो म्हणाला.

त्याच्या घरात तीन पिढ्या माळकरी. वडील किसनराव गावचं भजन चालवतात, त्यांनी मांसाचा वाससुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला नाही. त्या दिवशी धनगर मित्राची दर्ग्यावर कंदुरी होती. नवस फेडायला बकरं कापायचं आणि गावजेवण घालायचं, आमच्याकडे सगळ्या जातीचे लोक करतात. गोविंद नुसता बसायला गेला होता. पण रस्सा उकळत होता, वारा त्याच्याच बाजूला होता. बाटायला नको म्हणून त्याने माळ गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि पानावर बसला. तीनचार घास झाले असतील. कुणीतरी म्हणालं, किसनराव येऊन राहिले. बांधावर लांबून पांढरी टोपी दिसली. तोंडात होता तो मटणाचा तुकडा गोविंदने हाडासकट गिळला आणि लिंबाच्या झाडामागे गेला. टोपीवाला जवळ आला तर भलताच कुणी म्हातारा होता, जेवायलाच आलेला. पण तोपर्यंत छातीत सुरी फिरल्यासारखं झालं होतं आणि एक रक्ताची उलटीही होऊन गेली होती. पान वगैरे कुणी खाल्लेलं नव्हतं.

एरवी मी हसले असते. पण माझ्या हातातली भरलेली सिरिंज तशीच होती आणि ती अजून दोन मिनिटांत आत गेली असती. मी ती ट्रेमध्ये ठेवून दिली.

खलीलभाईंचा चेहरा मी तेव्हा बघितला. कळ, गिळताना आग, रक्त, तिन्ही एकत्र. उभ्या आयुष्यात ज्या पाहुण्याची वाट बघितली तो दारात उभा होता. ते उठले, दाराकडे दोन पावलं गेलेही.

"दुर्बीण आणता?" मी विचारलं.

ते थांबले. "न्हाई," म्हणाले. "आत जखम हाय, हाड हाय. इथं घातली आन् भिंत फाटली तर काय करायचं? आधी नांदेडला सिटी स्कॅन. मग तिथले लोक बघतील." आणि परत येऊन स्टुलावर बसले. एवढं साधं बोलणं, पण ते बोलताना त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे.

बाहेर आवाज झाला. किसनराव आले होते, या खेपेला खरोखरचे. गोविंदने सलाईन नसलेल्या हाताने खलीलभाईंचं मनगट पकडलं. "आबांला सांगू नका. जीव गेला तरी चालंल. म्हातारा पुन्हा टाळ हातात धरायचा न्हाई."

"जीव काहून जाऊन राहिला तुझा? गप पड." खलीलभाईंनी त्याच्या खिशात हात घालून माळ काढली. तिला रश्श्याचा एक डाग होता. त्यांनी माझ्या ट्रेमधला स्पिरिटचा बोळा घेतला, एक एक मणी पुसला आणि गोविंदची मान हलकेच उचलून माळ त्याच्या गळ्यात घातली. फिकट पट्ट्यावर नीट बसवली. मग दार उघडलं.

"काय झालं माझ्या लेकराला?" किसनरावांनी दारातूनच विचारलं. त्यांच्या मागे निम्मा बाजार उभा होता आणि सगळ्यांचं लक्ष खलीलभाईंकडे. नळी, हा शब्द ऐकायच्या तयारीनेच लोक उभे होते. एकाच्या ओठांवर तर हसू आधीच येऊन बसलं होतं.

"काळीज हाय, किसनराव," खलीलभाई म्हणाले. "बाईंनी बराबर ओळखलं. लगेच नांदेडला न्यावं लागंल."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

ॲम्ब्युलन्सची वाट बघताना मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. मला रागच आला होता. नांदेडला कुणी काळीज समजून तेच इंजेक्शन दिलं तर, असं मी विचारलं. त्यांनी तिथल्या डॉक्टरला फोनवर खरं ते सगळं सांगून ठेवलं होतं, गोविंदच्या बायकोलाही बाजूला घेऊन समजावलं होतं, आणि स्वतः सोबत जाणार होते.

"मग निदान नळी तरी म्हणायचं," मी म्हटलं. "बोराची आठोळी अडकली म्हणायचं."

"बाई, नळी म्हटलं की अख्खं गाव इचारंल, काय गिळलं? मीच शिकवलंय त्यान्ला. आन् कंदुरीला काय कमी मानसं व्हती? आठोळीचं हाड व्हायला एक सांज बी लागायची न्हाई." त्यांनी चष्मा पुसला. "काळजाचं बरं असतंय. काळीज दुखलं तर काय खाल्लं असं कोणी इचारत न्हाई. समदे म्हणतात, लई काळजी करत व्हता बिचारा."

नांदेडच्या स्कॅनमध्ये नळीच्या भिंतीत साकळलेलं रक्त दिसलं, लांबट, अगदी खलीलभाई हातवारे करून दाखवायचे तसं. वर हाडाची चीप. तिथल्या डॉक्टरांनी ती दुर्बिणीने अलगद काढली, तोंडाने काही द्यायचं बंद ठेवलं, आणि गाठ हळूहळू आपली आपण विरली. गोविंद धडधाकट घरी आला.

गाव खूश झालं. नळीवाले शेवटी काळजावर आले, हा विनोद चहाच्या टपरीवर बरेच दिवस पुरला. किसनराव नारळ आणि शाल घेऊन माझ्याकडे आले, लेकराचं काळीज वाचवलं म्हणून. मी शाल घेतली, काय करणार. परत जाताना समोर खलीलभाई दिसले तर त्यांना म्हणाले, "डॉक्टर, आता तरी बाईंकडून काळजाचं शिकून घ्या."

"शिकून राहिलो जी," खलीलभाई म्हणाले आणि त्यांच्या गळ्याकडे बघून पुढे म्हणाले, "तुमी सावकाश जेवत जा."

किसनराव अजूनही मुलाला पोतं उचलू देत नाहीत. काळीज नाजूक आहे म्हणतात. गोविंद दणकट खांद्यांनी रिकामा मागे चालतो आणि म्हातारा हळदीचं पोतं दुसऱ्या गड्याला द्यायला लावतो. ही त्याला मिळालेली शिक्षा आहे की सवलत, मला ठरवता येत नाही.

नांदेडच्या डॉक्टरांचा खलीलभाईंना फोन आला होता. एवढ्याशा गावात हे ओळखलं कसं, म्हणून त्यांनी फार कौतुक केलं आणि हिंगोलीच्या डॉक्टरांच्या बैठकीत ही केस मांडाच, म्हणाले. बैठकीला मीही गेले होते. पण गोविंदचा साडू तिथे डॉक्टर आहे आणि पुढच्याच रांगेत बसला होता. खलीलभाई उठले, पेला हातात घेतला आणि कॅप्सूल तांब्याभर पाण्याबरोबर का घ्यावी यावर बोलले. हे भाषण त्या सभागृहाने अनेकदा ऐकलेलं होतं. लोक मोबाइल काढून बसले. शेवटी कुणीतरी विचारलं, "खलीलसाहेब, ती तुमची रक्ताची गाठ दिसली का हो कधी?"

"अजून न्हाई," ते म्हणाले. "बघून राहिलो." आणि पेल्यातलं पाणी पिऊन खाली बसले. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण ते माझ्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच तोंडाकडे बघत होते.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी पेशंट नसताना ते माझ्याकडे आले. चहा मागवला. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग खुर्चीत सावरून बसत म्हणाले, "बाई, तुमाला एक केस सांगतो."

मी ऐकायला लागले. मोटारसायकलवर तिघं, मधल्याच्या तोंडाला टॉवेल. मी म्हटलं, "अहो खलीलभाई, मी तिथंच होते की." त्यांनी चहा संपवला, रस्त्याकडे बघत बसले आणि पेशंट आला असेल म्हणून निघून गेले. त्यांच्याकडे पेशंट नव्हता, मला खिडकीतून दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. जगात ही गोष्ट ज्याला सांगता येईल असं माणूस एकच होतं, आणि त्याला ती आधीच माहीत होती.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी काही बोलले नाही. आता ते महिन्यादोन महिन्यांतून येतात. मी कंपाउंडरला सांगते, जरा वेळ कुणाला सोडू नको, आणि दार लावून घेते. गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. त्यात एक डॉक्टरीण असते. ती माझ्यापेक्षा बरीच शांत आणि शहाणी आहे, तिला काही सांगायच्या आधीच ती सुई बाजूला ठेवते. मी मधे बोलत नाही. माळेचा भाग ते अगदी थोडक्यात उरकतात, मणी पुसल्याचं सांगतच नाहीत. नळीचं मात्र सविस्तर.

मग एक जागा येते, जिथे ते चहाचा कप खाली ठेवून थांबतात. ती जागा मला आता पाठ झाली आहे.

"पण तुम्हाला कळलं कसं, खलीलभाई?" मी विचारते.

आणि ते खुर्ची पुढे ओढतात.